पोस्टग्रेसचा बॅकअप आणि रिकव्हरी: चुकीच्या डिलीटच्या आधीच्या मिनिटापर्यंत कसं परतायचं

एका पतसंस्थेचा डेटाबेस समजा. आकार २०० जीबी, पोस्टग्रेस या डेटाबेस सॉफ्टवेअरची आवृत्ती १६, सकाळी १० पासून सतत नोंदी. सोमवारी दुपारी २ वाजून ३२ मिनिटांनी कुणीतरी 'व्यवहार' टेबलावर अट न लावता डिलीट चालवलं आणि ते कमिटही, म्हणजे कायमचं पक्कं, झालं. हाताशी आहे तो पहाटे २ वाजता घेतलेला डम्प, म्हणजे त्या क्षणाच्या डेटाची प्रत. तो चढवला तर सकाळपासूनच्या साडेचार तासांच्या सगळ्या नोंदी जातात, आणि त्या पावत्या गोळा करून पुन्हा भराव्या लागतात. बॅकअप होता, तरीही नुकसान झालं.

असं होऊ नये, २ वाजून ३१ मिनिटं ५९ सेकंदांपर्यंतचा डेटाबेस परत उभा करता यावा, यासाठी काय बसवून ठेवायचं आणि वेळ आल्यावर कोणत्या क्रमाने काय करायचं, ते इथे सांगितलं आहे. कमांड आणि सेटिंगची नावं देवनागरीत लिहिली आहेत. टर्मिनलवर ती नेहमीच्या रोमन अक्षरांतच टाइप करायची आहेत.

आधी दोन आकडे ठरवा

पहिला आकडा: जास्तीत जास्त किती मिनिटांच्या नोंदी गेल्या तर चालेल? याला आरपीओ म्हणतात. दुसरा: डेटाबेस किती वेळ बंद राहिला तर चालेल? हा आरटीओ. हे आकडे अॅडमिनने एकट्याने ठरवायचे नाहीत. कामकाज बघणाऱ्या माणसाकडून ते लेखी घ्या, कारण पुढचा सगळा खर्च यांवरच ठरतो.

दुसऱ्या आकड्याचं गणित कागदावर करून बघा. बॅकअप दूरच्या सर्व्हरवर असेल आणि मधली लाइन १०० एमबीपीएसची असेल, तर सेकंदाला फार तर साडेबारा एमबी येतात. २०० जीबी आणायलाच साडेचार तास लागतात. तोच बॅकअप ऑफिसमधल्या दुसऱ्या मशीनवर असेल आणि गिगाबिट नेटवर्क असेल, तर अर्धा तास. त्यात लॉग, म्हणजे बॅकअपनंतरच्या बदलांची नोंद, पुन्हा चालवण्याचा वेळ मिळवा. पोस्टग्रेसमध्ये हे काम एकच प्रोसेस करते, त्यामुळे मशीनला ३२ कोअर असले तरी या टप्प्यात त्यांचा फारसा उपयोग नाही. आठवडाभराचे लॉग चालवायला काही तास लागू शकतात. 'दोन तासांत परत सुरू करतो' असं सांगण्याआधी हा हिशोब झालेला असावा.

रेप्लिका, म्हणजे मुख्य सर्व्हरचे बदल सतत उतरवून घेणारा दुसरा सर्व्हर, आहे म्हणून बॅकअपची गरज नाही, हा समज पहिल्याच दिवशी सोडून द्या. मुख्य मशीनची डिस्क जळाली तर रेप्लिका वाचवते. पण चुकीचं डिलीट तीही इमानाने, बहुतेक वेळा सेकंदाच्या आत, स्वतःवर लागू करते.

पोस्टग्रेस नोंद कुठे लिहितो

दुकानात व्यवहार आधी रोजकीर्दीत उतरतो आणि मग सवडीने खतावणीत जातो, तसंच इथे आहे. कोणताही बदल आधी वॉल, म्हणजे राइट-अहेड लॉगमध्ये लिहिला जातो. तो डिस्कवर पोचला की कमिट झालं. खऱ्या टेबल फाइलमधली ८ केबीची पानं मात्र मेमरीत बदललेली असतात, ती नंतर डिस्कवर जातात. अशी सगळी बाकी पानं डिस्कवर उतरवण्याच्या क्रियेला चेकपॉइंट म्हणतात, आणि ती मूळ सेटिंगप्रमाणे दर ५ मिनिटांनी किंवा लॉग फार वाढला तर त्याआधी होते.

वॉल फाइल १६ एमबीची असते, नाव २४ अक्षरांचं, आणि त्या डेटा डिरेक्टरीतल्या पीजी_वॉल फोल्डरमध्ये असतात. काम झालं की पोस्टग्रेस जुन्या फाइल काढतो किंवा पुन्हा वापरतो. त्या जाण्याआधी आपण त्यांची प्रत बाजूला ठेवत गेलो, आणि आपल्याकडे डेटा डिरेक्टरीची एखादी पूर्ण प्रत असली, तर त्या प्रतीवर लॉग ओळीने चालवत हव्या त्या क्षणापर्यंत येता येतं. पूर्ण प्रत म्हणजे बेस बॅकअप, बाजूला ठेवलेले लॉग म्हणजे आर्काइव्ह. एक नसेल तर दुसऱ्याचा उपयोग नाही.

डम्पची जागा

पीजी_डम्प वाईट नाही, त्याचं काम वेगळं आहे. तो एका डेटाबेसचं एका क्षणाचं सुसंगत चित्र घेतो. डम्प चालू असताना लोक नोंदी करत राहिले तरी त्यात अर्धवट काही येत नाही. एखादं टेबल वेगळं काढायला, जुन्या आवृत्तीवरून नव्या आवृत्तीवर जायला तो उत्तम. पण डम्प घेतला त्याच क्षणाला तुम्ही परत जाऊ शकता, त्याच्या पुढे एक सेकंदही नाही. डम्पवर वॉल चालवता येत नाही.

घेताना कस्टम फॉरमॅट किंवा डिरेक्टरी फॉरमॅट वापरा, म्हणजे पीजी_रिस्टोरला '--जॉब्स=४' देऊन समांतर चढवता येतं आणि '--लिस्ट' देऊन आत काय आहे ते बघता येतं. यूजर आणि त्यांचे रोल या डम्पमध्ये येत नाहीत. त्यासाठी पीजी_डम्पऑल '--ग्लोबल्स-ओन्ली' वेगळं चालवावं लागतं. हे विसरल्यावर रिस्टोरच्या वेळी 'रोल अस्तित्वात नाही' अशा ओळींचा पाऊस पडतो. डम्प चढवून झाला की अॅनालाइझ चालवा, नाहीतर क्वेरी कशी चालवायची ते ठरवणाऱ्या प्लॅनरकडे आकडेवारी नसते आणि साधी क्वेरीही रेंगाळते.

पायरी १: वॉल आर्काइव्ह सुरू करा

पोस्टग्रेसक्यूएल.कॉन्फमध्ये या ओळी:

वॉल_लेव्हल = रेप्लिका
आर्काइव्ह_मोड = ऑन
आर्काइव्ह_कमांड = 'टेस्ट ! -एफ /बॅकअप/वॉल/%एफ && सीपी %पी /बॅकअप/वॉल/%एफ'
आर्काइव्ह_टाइमआउट = ३००

वॉल_लेव्हलची मूळ किंमत आवृत्ती १० पासून रेप्लिकाच आहे, तरी एकदा बघून घ्या. आर्काइव्ह_मोड बदलला की सर्व्हर रीस्टार्ट करावा लागतो, रीलोड पुरत नाही. आर्काइव्ह_कमांड नंतर कधीही नुसत्या रीलोडने बदलता येते. '%पी' म्हणजे वॉल फाइलचा मार्ग, '%एफ' म्हणजे नुसतं नाव. /बॅकअप/वॉल हे फोल्डर डेटाबेसच्या डिस्कवर नको, दुसऱ्या मशीनचं माउंट केलेलं असावं. त्याची मालकी पोस्टग्रेस ज्या यूजरने चालतो त्याच्याकडे असली पाहिजे.

कमांडचा पहिला भाग अनेक जण काढून टाकतात. तो काढू नका. त्याच नावाची फाइल आधीच असेल तर तो कमांडला अपयशी ठरवतो. दोन सर्व्हर चुकून एकाच आर्काइव्हमध्ये लिहू लागले तर एकाने दुसऱ्याचे लॉग पुसू नयेत, यासाठी तो आहे. आणि कमांडने शून्य फक्त खरोखर यश आल्यावरच परत द्यायचं. पोस्टग्रेस त्या शून्यावर पूर्ण विश्वास ठेवतो आणि मूळ फाइल काढून टाकायला मोकळा होतो. स्क्रिप्टच्या शेवटी सवयीने 'एक्झिट ०' लिहिलेलं असेल, तर आर्काइव्हची डिस्क भरल्यावर फाइल अर्धवट राहतील आणि कुणाला पत्ताही लागणार नाही. साधा सीपी फाइल डिस्कवर पक्की बसेपर्यंत थांबत नाही, हीसुद्धा त्याची एक मर्यादा आहे. शिकायला तो ठीक आहे, खऱ्या सर्व्हरवर पुढे सांगितलेली साधनं वापरा.

आर्काइव्ह_टाइमआउट ३०० म्हणजे फाइल भरली नसली तरी ५ मिनिटांनी ती बदलून आर्काइव्हकडे पाठवायची. हाच तुमचा आरपीओ झाला. मात्र अर्धी रिकामी फाइलही १६ एमबीचीच असते. सतत थोड्या नोंदी होत असतील तर दिवसाला २८८ फाइल, म्हणजे साडेचार जीबी. हौसेने ६० सेकंद केलं तर १,४४० फाइल आणि साडेबावीस जीबी. एक मिनिटाचा आरपीओ खरंच हवा असेल तर पीजी_रिसीव्हवॉल वापरा. ते फाइल भरण्याची वाट न बघता लॉग येईल तसा दुसऱ्या मशीनवर उतरवतं.

आता तपासा. 'सिलेक्ट पीजी_स्विच_वॉल()' चालवा, काही सेकंद थांबा आणि 'पीजी_स्टॅट_आर्काइव्हर' बघा. आर्काइव्ह्ड_काउंट वाढलेला हवा, फेल्ड_काउंट स्थिर हवा. (डेटाबेसवर काहीच हालचाल नसेल तर स्विच होत नाही, आधी एखादी नोंद करा.)

इथे सर्वांत जास्त वेळा घडणारा बिघाड असा: आर्काइव्हचं माउंट सुटतं, कमांड अपयशी होऊ लागते, आणि पोस्टग्रेस शहाण्यासारखा एकही वॉल फाइल काढत नाही. पीजी_वॉल फुगत जातं, डिस्क शंभर टक्के भरते, सर्व्हर पॅनिक देऊन बंद पडतो. घाईत कुणीतरी पीजी_वॉलमधल्या 'जुन्या' फाइल हाताने उडवतो. तसं कधीही करू नका. त्यातल्या काही फाइल सुरू होण्यासाठीच लागतात, त्या गेल्या तर डेटाबेस उघडणार नाही. योग्य उपाय म्हणजे डिस्कवरची दुसरी काही जागा मोकळी करणं किंवा डिस्क वाढवणं, माउंट नीट करणं आणि सर्व्हर सुरू करणं. साचलेल्या फाइल आर्काइव्हकडे आपोआप जातात आणि पुढच्या चेकपॉइंटला जागा मोकळी होते.

पायरी २: बेस बॅकअप

बॅकअपसाठी वेगळा यूजर करा आणि त्याला फक्त रेप्लिकेशनचा अधिकार द्या. पीजी_एचबीए.कॉन्फमध्ये बॅकअप मशीनसाठी ओळ घालताना डेटाबेसच्या रकान्यात 'रेप्लिकेशन' असंच लिहावं लागतं. 'ऑल' लिहिलं तर ते यात धरलं जात नाही, आणि नवशिक्यांचा अर्धा दिवस इथेच जातो. पासवर्ड .पीजीपास फाइलमध्ये ठेवा, तिची परवानगी ०६०० करा. त्याहून सैल असेल तर ती फाइल वाचलीच जात नाही.

मग बॅकअप मशीनवरून:

पीजी_बेसबॅकअप --होस्ट=१०.०.०.१० --यूजरनेम=बॅकअप_यूजर --पीजीडेटा=/बॅकअप/बेस/रविवार --वॉल-मेथड=स्ट्रीम --चेकपॉइंट=फास्ट --प्रोग्रेस

चेकपॉइंट फास्ट दिलं नाही तर कमांड सुरुवातीला काही मिनिटं नुसती थांबून राहते. ती अडकलेली नसते, सावकाश चेकपॉइंटची वाट बघत असते. भर कामाच्या वेळात बॅकअप घ्यायचा असेल तर फास्ट टाळणंच बरं, कारण त्याने डिस्कवर एकदम भार येतो. टेबलस्पेस, म्हणजे डेटा डिरेक्टरीबाहेरची डेटाची जागा, वापरत असाल आणि बॅकअप त्याच मशीनवर घेत असाल तर '--टेबलस्पेस-मॅपिंग' लागेल.

संपल्यावर 'पीजी_व्हेरिफायबॅकअप /बॅकअप/बेस/रविवार' चालवा. आवृत्ती १३ पासून बॅकअपसोबत बॅकअप_मॅनिफेस्ट नावाची यादी येते, तिच्याशी प्रत्येक फाइलचा आकार आणि चेकसम जुळवला जातो. आवृत्ती १६ मध्ये हे साध्या फॉरमॅटवर चालतं, टार (सगळ्या फाइल एकात बांधलेला फॉरमॅट) घेतला असेल तर आधी तो उघडा.

डेबियन आणि उबंटूवर पोस्टग्रेसक्यूएल.कॉन्फ आणि पीजी_एचबीए.कॉन्फ डेटा डिरेक्टरीत नसतात, /ईटीसी/पोस्टग्रेसक्यूएल खाली असतात. बेस बॅकअपमध्ये त्या येत नाहीत. त्यांची प्रत वेगळी घ्या. रेड हॅटच्या घरातल्या सिस्टिमवर त्या बहुधा डेटा डिरेक्टरीतच असतात.

किती ठेवायचं? आठवड्याला एक बेस बॅकअप आणि नेहमी दोन शाबूत, असं धरा. दोन बेस ४०० जीबी, तिसरा घेताना तात्पुरते आणखी २००, आणि रोज १५ जीबी वॉल होत असेल तर १४ दिवसांचे २१०. एकूण ८१० जीबी, म्हणजे १ टीबीची जागा ठेवा. वॉल पुसताना नियम एकच: ठेवलेल्या सर्वांत जुन्या बेस बॅकअपच्या सुरुवातीपासूनचा प्रत्येक लॉग असलाच पाहिजे. मधली एक फाइल नसेल तर रिकव्हरी तिथेच थांबते, पुढच्या हजार फाइल असून फुकट. '७ दिवसांपूर्वीच्या फाइल पुसा' असा साधा क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम) लावला आणि एखाद्या रविवारी बेस बॅकअप फसला, की नेमकं हेच होतं. तारखेऐवजी पीजी_आर्काइव्हक्लीनअपला बॅकअपची .बॅकअप शेवट असलेली फाइल द्या, म्हणजे त्या बॅकअपला न लागणारेच लॉग जातील.

पायरी ३: वेळ आली, आता रिकव्हरी

पहिली १० मिनिटं घाई करू नका. चालू डेटाबेसवर काहीही रिस्टोर करू नका. अॅप्लिकेशनकडून त्या टेबलावर होणारं लेखन थांबवा. 'पीजी_स्विच_वॉल()' चालवून आत्तापर्यंतचा लॉग आर्काइव्हमध्ये ढकला. मशीनच मेली असेल आणि डिस्क वाचता येत असेल, तर पीजी_वॉल फोल्डर जसंच्या तसं आधी बाजूला कॉपी करा. शेवटची काही मिनिटं फक्त तिथेच असतात.

मग चूक नेमकी कधी कमिट झाली ते शोधा. लॉग_स्टेटमेंट 'मॉड' ठेवलेलं असेल तर सर्व्हरच्या लॉगमध्ये डिलीटची ओळ वेळेसकट सापडेल. मूळ सेटिंग 'नन' आहे, म्हणून हे आजच बदलून ठेवा. ते नसेल तर पीजी_वॉलडम्पला '--आरएमजीआर=ट्रान्झॅक्शन' देऊन त्या वेळच्या वॉल फाइल वाचा, प्रत्येक कमिटपुढे वेळ आणि ट्रान्झॅक्शनचा आकडा दिसतो.

आता वेगळी मशीन घ्या. पोस्टग्रेसची मुख्य आवृत्ती तीच हवी, प्रोसेसरचा प्रकारही तोच. १५ चा बेस बॅकअप १६ वर चालत नाही. बेस बॅकअप रिकाम्या डेटा डिरेक्टरीत कॉपी करा, मालकी पोस्टग्रेस यूजरची, परवानगी ०७००. टार असेल तर बेस.टार डेटा डिरेक्टरीत आणि पीजी_वॉल.टार पीजी_वॉल फोल्डरमध्ये उघडा. मेलेल्या मशीनवरून वाचवलेल्या वॉल फाइल असतील तर त्याही या पीजी_वॉलमध्ये टाका.

या प्रतीत बॅकअप_लेबल नावाची छोटी फाइल दिसेल. लॉग कुठल्या जागेपासून चालवायचा ते तीत लिहिलेलं असतं. सर्व्हर सुरू होताना चेकपॉइंटची नोंद सापडत नाही अशी चूक आली, की काही जण सूचनेतली अर्धी ओळ वाचून ही फाइल पुसतात. मग सर्व्हर सुरू होतो, वरवर सगळं ठीक दिसतं, आणि आतला डेटा मात्र विसंगत असतो. बॅकअपवरून रिस्टोर करताना बॅकअप_लेबलला हात लावायचा नाही. चूक आलीच तर वॉल फाइल मिळत नाही आहे, रिस्टोर_कमांडचा मार्ग तपासा.

पोस्टग्रेसक्यूएल.कॉन्फमध्ये:

रिस्टोर_कमांड = 'सीपी /बॅकअप/वॉल/%एफ %पी'
रिकव्हरी_टार्गेट_टाइम = '२०२५-०३-१० १४:३१:५९+०५:३०'
रिकव्हरी_टार्गेट_अॅक्शन = 'पॉज'
आर्काइव्ह_मोड = ऑफ

कॉन्फिग फाइलमध्ये आकडे अर्थातच इंग्रजी (1, 2, 3) लिहायचे.

टाइमझोनकडे नीट बघा. वेळेपुढे काहीच लिहिलं नाही तर सर्व्हरचा टाइमझोन धरला जातो, आणि क्लाउडवरच्या मशीन बहुधा यूटीसीवर असतात. दुपारचे १४:३१ यूटीसी म्हणजे भारतात रात्रीचे ८ वाजून १ मिनिट, तोपर्यंत डिलीट केव्हाच लागू झालेलं असेल. 'आयएसटी' असं संक्षिप्त नावही लिहू नका. पोस्टग्रेसच्या मूळ यादीत आयएसटी म्हणजे इस्रायलची वेळ, यूटीसीच्या २ तास पुढची. नेहमी +०५:३० असा आकडा लिहा.

आर्काइव्ह_मोड ऑफ करण्याचं कारण वेगळं आहे. ही प्रत उभी राहिल्यावर तिने स्वतःचे लॉग मूळ आर्काइव्हमध्ये पाठवू नयेत. बॅकअपसोबत जुनं कॉन्फिग आलेलं असतं, त्यामुळे हे हमखास राहून जातं.

डेटा डिरेक्टरीत 'रिकव्हरी.सिग्नल' नावाची रिकामी फाइल तयार करा. आवृत्ती १२ पासून हीच पद्धत आहे. जुन्या लेखांतली रिकव्हरी.कॉन्फ फाइल ठेवलीत तर सर्व्हर सुरूच होणार नाही. सिग्नल फाइल विसरलात तर टार्गेट बाजूला राहील, सर्व्हर बॅकअपच्या क्षणाला सुरू होईल, आणि बेस पुन्हा पहिल्यापासून कॉपी करावा लागेल.

सर्व्हर सुरू करा आणि सर्व्हरचा लॉग बघत बसा. प्रत्येक फाइल आर्काइव्हमधून आल्याची ओळ दिसते. मध्ये '०००००००२.हिस्टरी सापडली नाही' अशा सीपीच्या तक्रारी येतात, त्या नेहमीच्या आहेत, घाबरू नका. पण 'मॅक्स_कनेक्शन्स अपुरे' असा मजकूर आला तर तो खरा अडथळा आहे. हा आकडा आणि मॅक्स_वर्कर_प्रोसेसेस, मॅक्स_वॉल_सेंडर्स, मॅक्स_प्रिपेअर्ड_ट्रान्झॅक्शन्स, मॅक्स_लॉक्स_पर_ट्रान्झॅक्शन मूळ सर्व्हरइतके किंवा जास्त हवेत. लहान मशीन म्हणून ते कमी केलेले असतात आणि रिकव्हरी अडते.

ठरलेल्या क्षणी ती थांबते, आणि डेटाबेस फक्त वाचण्यासाठी उघडा असतो. आता बघा: 'व्यवहार' टेबलात ओळी आहेत का, शेवटची नोंद २:३१ च्या आसपासची आहे का. थोडं आधीच थांबलं असेल तर सर्व्हर बंद करा, टार्गेट पुढे सरकवा, पुन्हा सुरू करा. टार्गेट ओलांडून पुढे गेला असाल तर मागे येता येत नाही, बेस बॅकअपपासून सुरुवात. म्हणून पहिलं टार्गेट एखादं मिनिट आधीचं देणं शहाणपणाचं. सगळं बरोबर वाटलं की 'सिलेक्ट पीजी_वॉल_रिप्ले_रिझ्यूम()'. रिकव्हरी संपते, सिग्नल फाइल आपोआप जाते आणि नवी टाइमलाइन सुरू होते. वॉल फाइलच्या नावातली पहिली ८ अक्षरं टाइमलाइन सांगतात, त्यामुळे जुना आणि नवा इतिहास आर्काइव्हमध्ये एकमेकांत मिसळत नाहीत.

आता निर्णय घ्यायचा. पूर्ण डेटाबेसच बिघडला असेल तर अॅप्लिकेशन या नव्या मशीनकडे वळवा, आर्काइव्ह_मोड ऑन करा आणि लगेच नवा बेस बॅकअप घ्या. एकच टेबल गेलं असेल तर संपूर्ण संस्थेला मागे नेऊ नका, कारण २:३२ नंतर इतर टेबलांत खऱ्या नोंदी झाल्या आहेत. नव्या मशीनवर टेबलाचं नाव बदलून 'व्यवहार_जुना' करा, पीजी_डम्प '--टेबल' ने ते काढा, मूळ डेटाबेसमध्ये चढवा, आणि तिथे नसलेल्या ओळीच 'इन्सर्ट ... सिलेक्ट ... व्हेअर नॉट एक्झिस्ट्स' ने घाला. टेबलावर ट्रिगर (ओळ बदलली की आपोआप चालणारा कोड) असतील तर आधी त्यांचा विचार करा. शिल्लक बदलणारा ट्रिगर लाखभर जुन्या ओळींवर पुन्हा चालला तर दुरुस्तीतून दुसरं संकट उभं राहील.

मोठा बदल करण्याआधी, विशेषतः व्याज आकारणीसारखी एकगठ्ठा स्क्रिप्ट चालवण्याआधी, 'सिलेक्ट पीजी_क्रिएट_रिस्टोर_पॉइंट('व्याज_आधी')' करून ठेवा. नंतर रिकव्हरी_टार्गेट_नेममध्ये हे नाव दिलं की सेकंद शोधत बसावं लागत नाही.

ऑपरेटिंग सिस्टिम बदलली तर

नवी मशीन म्हणून कुणी नवी लिनक्स घेतं. ग्लिबसी या लिनक्सच्या मूळ लायब्ररीच्या २.२८ या आवृत्तीत अक्षरं लावण्याचा क्रम बदलला. रेड हॅट ७ वरून ८ वर, डेबियन ९ वरून १० वर, उबंटू १८.०४ वरून २०.०४ वर बेस बॅकअप उचलून नेला तर मजकुरावरचे इंडेक्स जुन्या क्रमाने लावलेले आणि शोध नव्या क्रमाने, अशी स्थिती होते. टेबलात नाव आहे, शोधल्यावर सापडत नाही, किंवा युनिक इंडेक्स असूनही तीच नोंद दोनदा बसते. शक्य तर त्याच आवृत्तीच्या सिस्टिमवर रिस्टोर करा. ते शक्य नसेल तर मजकुराच्या रकान्यांवरचे इंडेक्स रीइंडेक्स केल्याशिवाय डेटाबेस लोकांना उघडू नका.

बॅकअप बंद पडला हे कळणार कसं

३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅबमध्ये एका इंजिनिअरने रेप्लिकाऐवजी मुख्य सर्व्हरची डेटा डिरेक्टरी पुसली. सुमारे ३०० जीबी डेटा गेला. रोजचा डम्प शोधायला गेले तर क्लाउडवरची ती जागा रिकामी होती. सर्व्हर पोस्टग्रेस ९.६ चा आणि डम्प घेणारा पीजी_डम्प ९.२ चा, त्यामुळे तो दर वेळी चूक देऊन थांबत होता. चूक झाल्याचे ईमेल जात होते, पण डीमार्कच्या (ईमेल खऱ्या पत्त्यावरून आला का ते तपासण्याच्या) नियमांत न बसल्यामुळे ते नाकारले जात होते. शेवटी दुसऱ्याच कामासाठी ६ तास आधी घेतलेला डिस्कचा स्नॅपशॉट उपयोगी पडला, आणि तरीही त्या ६ तासांतला डेटा गेला. कंपनीने हे सगळं स्वतः तपशिलाने जाहीर केलं, म्हणून आज ते इतरांना शिकता येतं.

यातून आपल्या क्रॉनमध्ये आणायची गोष्ट म्हणजे इशाऱ्याची दिशा उलटी करणं. 'चूक झाली तर ईमेल' यावर विसंबू नका. शेवटचा यशस्वी बेस बॅकअप ८ दिवसांहून जुना आहे का, पीजी_स्टॅट_आर्काइव्हरमधला लास्ट_आर्काइव्ह्ड_टाइम १५ मिनिटांहून मागे आहे का, आजच्या बॅकअपचा आकार मागच्यापेक्षा बराच कमी आहे का, हे दुसऱ्या मशीनवरून विचारा. उत्तर मिळालं नाही तरी इशारा वाजला पाहिजे. आर्काइव्ह_स्टेटस फोल्डरमध्ये '.रेडी' शेवट असलेल्या फाइल साठू लागल्या, तर आर्काइव्ह तुंबतोय.

प्रती किती आणि कुठे: मूळ धरून तीन, दोन वेगळ्या प्रकारच्या साठ्यांवर, त्यांतली एक दुसऱ्या गावात. अंधेरीतल्या ऑफिसचा बॅकअप कुर्ल्यात ठेवला तर ती दुसरी जागा होत नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा दोन्हीकडे पाणी होतं. रॅन्समवेअरचा विचार करून एक प्रत अशी ठेवा, की डेटाबेस सर्व्हरच्या पासवर्डने ती पुसता येणार नाही. बॅकअप एन्क्रिप्ट करा, कारण चोराला डेटाबेस फोडण्यापेक्षा बॅकअपची फाइल उचलणं सोपं असतं. मात्र त्याची किल्ली त्याच सर्व्हरवर ठेवू नका.

हाताने हे सगळं एकदा करून बघितल्यावर खऱ्या सर्व्हरसाठी पीजीबॅकरेस्ट, बार्मन किंवा वॉल-जी यांपैकी एक बसवा. वॉल डिस्कवर पक्का करणं, कॉम्प्रेशन, किती बॅकअप ठेवायचे ते सांभाळणं, समांतर रिस्टोर, हे ती नीट करतात. आवृत्ती १७ पासून पोस्टग्रेसमध्येच इन्क्रिमेंटल, म्हणजे मागच्या बॅकअपनंतर बदललेलाच भाग घेणारा, बॅकअप आला आहे. त्यासाठी समराइझ_वॉल ऑन लागतं, आणि रिस्टोर करण्याआधी पीजी_कम्बाइनबॅकअपने पूर्ण आणि इन्क्रिमेंटल प्रती जोडून घ्याव्या लागतात. साखळीतली एक प्रत हरवली तर पुढच्या निरुपयोगी, त्यामुळे महिनाभर लांब साखळी करू नका.

आणि दर तीन महिन्यांनी रिकव्हरीचा सराव ठेवा. ज्याने हे बसवलं त्याने नाही, दुसऱ्या कुणीतरी, फक्त लिहिलेल्या पायऱ्या वाचून. टार्गेट म्हणून कालच्या दिवसातली कोणतीही एक वेळ निवडा. बेस कॉपी व्हायला लागलेली मिनिटं, लॉग चालवायला लागलेली मिनिटं, जिथे अडलं ती जागा आणि त्या वेळची शेवटची नोंद बरोबर आली का, हे त्याच कागदावर लिहा. मिनिटांची बेरीज ठरलेल्या आरटीओपेक्षा जास्त आली, तर बेस बॅकअप आठवड्याऐवजी रोज घ्या किंवा एक प्रत जवळच्या मशीनवर आणा, आणि पुढच्या सरावाची तारीख त्याच दिवशी लावून टाका.